विहिरीवर न लागलेला दिवा

९ मार्च २०२२ ला काष्टीच्या रविराजने जेसीबीवाल्याला ५,४०० रुपये दिले. साडेचार तास, तासाला बाराशे. विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाण्याची पाइपलाइन टाकायची होती. चार तास संपता संपता बकेटचा दात जमिनीखाली कशावर तरी करकरला. खडक असेल म्हणून रविराज चरात उतरला, तर काळ्या वेष्टनातला जाड लोखंडी नळ आणि त्यावर बोटभर लांब ओरखडा. गळत काहीच नव्हतं. शेवटचा अर्धा तास माती लोटण्यात गेला.

नूरमहंमदला हे बऱ्याच उशिरा कळलं. खरं तर ते आधी कळायला हवं होतं त्यालाच. पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी ती लाइन काष्टीच्या रानातून जमिनीखालून जाते आणि तिच्यावरचे आठ किलोमीटर रोज चालायचे, हीच त्याची नोकरी. हातात काठी, खिशात नोंदवही. वरचा साठ फुटी पट्टा कंपनीच्या देखरेखीखाली; शेतकऱ्याने त्यात पीक घ्यावं, पण खणू नये. कुठे ताजी माती, कुठे वाळलेलं गवत, कुठे वास, एवढंच पाहायचं आणि लिहायचं. पंधरा वर्षं तो हे करत होता.

त्या दिवशी मात्र तो रजेवर होता. लेकीची, मेहरीनची, नगरला सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी रविराजच्या वावरात ताजी माती दिसली. त्याने विचारलं. रविराज म्हणाला, पाण्याची लाइन टाकली, पट्ट्याच्या बाहेरून. तेवढ्यात रविराजची आई, छबूबाई, ताकाचा तांब्या घेऊन आली. ताक पिऊन नूरमहंमदने वहीत लिहिलं, ‘सर्व ठीक’.

त्याची स्वतःचीही एक गोष्ट लपलेली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलेला वास परत आलाच नव्हता. कांदा नाही, अत्तर नाही, काहीच नाही. साहेबांना सांगितलं तर काम जाईल, म्हणून बायकोशिवाय, मुमताजशिवाय, कुणाला ठाऊक नव्हतं. डोळे शाबूत आहेत, असं तो तिला समजवायचा.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात डोळ्यांना दिसायला लागलं. आधी विहिरीवरच्या बाभळीतले सुगरणींचे खोपे रिकामे झाले. एकही पिल्लू मेलेलं नाही, एकही काडी विस्कटलेली नाही. नुसते सगळे निघून गेलेले. मग बेडकं गप्प झाली. रविराजच्या घासाच्या वाफ्यात एक पिवळी पट्टी उमटली, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. नूरमहंमदने हुंगून पाहिलं, सवयीने. माती उचलून नाकाशी धरली. काही नाही. पाण्याचा ताण असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, पण वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

अमावास्येच्या दिवशी फेरी उशिरा संपली. दिवेलागणीला तो बांधावरून उतरत होता. वारा पडलेला. एवढ्या मोठ्या रानात एक किडाही वाजत नव्हता. विहिरीच्या काठावर छबूबाई वाकलेली दिसली, पुढ्यात विहिरीतल्या आसरांसाठी, पाण्यातल्या देवींसाठी, दहीभाताचं ताट आणि कणकेचा दिवा. विहिरीच्या तोंडावरची हवा मात्र स्थिर नव्हती. पलीकडची बाभळ त्या हवेतून थरथरताना दिसत होती, जणू कुणी खालून श्वास सोडत होतं. आणि घासातली पिवळी पट्टी नेमकी तिथेच येऊन संपत होती.

छबूबाईने काडी ओढली. काडी ओलसर होती, मोडली. तिने दुसरी काढली.

तो कसा पळाला ते त्याला आठवत नाही. तिच्या हातातली काडीपेटी त्याने मुठीत धरली.

“नूरभाऊ, आसरांच्या कामात हात घालू नगा,” ती म्हणाली. “रुसल्यात त्या. पाण्यावर तवंग आलाय. बैल तोंड लावंना.”

“आक्का, वास येतोय का?”

“आठ दिस झालं. राकेलावानी. तुमाला न्हाई येत?”

“न्हाई,” तो म्हणाला. “दोन वर्सं झाली, मला कसलाच वास येत न्हाई.”

छबूबाईने काडीपेटीवरचा हात काढला. मग ताट तिथेच ठेवून उठली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खोलगटात साचून राहते. हे दरवर्षीच्या प्रशिक्षणात त्याने ऐकलं होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदा. खिशातल्या मोबाईललाही हात न लावता त्याने छबूबाईला दूर, उंचावर नेलं. रविराजला गाठून सांगितलं, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीकडं जायचं न्हाई, लाईट आली तरी. तिथूनच त्याने कंट्रोल रूमला फोन केला. पंपिंग थांबलं. वस्तीवरच्या चुली त्या रात्री पेटल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी नळ उघडा पडला. दाताच्या ओरखड्यातून गंज आत शिरला होता आणि सुईएवढ्या भोकातून पेट्रोल झिरपत होतं. इतकं थोडं, की कंट्रोल रूमच्या दाबात फरकच दिसला नव्हता. रविराजने जेसीबीची पावती स्वतः आणून दिली. त्याच दिवशी फोन केला असता तर वेष्टनावर ठिगळ लावून काम भागलं असतं, असं साहेब म्हणाले. रविराज मान खाली घालून उभा होता. मग नूरमहंमदने आपली वही पुढे केली आणि नाकाचंही सांगून टाकलं.

चालण्याचं काम गेलं. आता कंपनी त्याला गावोगावच्या बैठकांना नेते. तो उभा राहतो आणि पहिलं वाक्य तेच म्हणतो, मला वास येत नव्हता आणि मी सांगितलं नाही. लोक हसत नाहीत.

विहिरीवर लोखंडी जाळी बसली आहे. खोपे अजून तसेच लटकतात. सुगरणी आलेल्या नाहीत. काडीपेटी पंचनाम्याच्या पाकिटात बंद झाली. काष्टीच्या बैठकीला छबूबाई पुढच्या रांगेत बसते आणि ती परत मागते. ती मिळणार नाही, हे तिलाही माहीत आहे. नवीन काडीपेटीला दोन रुपये पडतात. ते नूरमहंमदने तिला अजून दिलेले नाहीत.