दीडशे कागदांवर बसलेले तोकुजी

एकतीस वर्षं कियोएबाई लाकडी ठशांवरून चित्रं छापताहेत. समासात नाव मात्र त्यांच्या गुरूंचंच असायचं. यंदा प्रकाशक वाकामियांनी पहिल्यांदाच त्यांचं नाव ठशात कोरून घेतलं. चित्र साधंच, बर्फातली लाल छत्री. दीडशे ओलसर कागदांवर काळ्या रेषा आणि ते नाव उमटलं होतं, निळाही चढला होता. उरला होता फक्त छत्रीचा लाल.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. खाली जानेवारीतही स्टोव्ह पेटत नाही. कागद वाळला की आकसतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. त्यांचे यजमान तोकुजी, निवृत्त ट्रामचालक, हे चांगलं जाणून होते. पण त्या सकाळी बाई लाल रंग आणायला गेल्या आणि यांनी प्रेमाने स्टोव्ह पेटवला.

बाईंनी परत येऊन पहिला कागद छापला. लाल रंग रेषेबाहेर गेला. मी पट्टी लावली. पाऊण मिलिमीटर.

"अहो, दांडा इकडे आणि छत्री तिकडे!"

"अगं, तुझे गुडघे कुरकुरतात म्हणून..."

"गुडघे माझे आहेत, कागद वाकामियांचे! संध्याकाळी न्यायला येताहेत. माझं नाव काय रद्दीत वाचायचं?"

बाईंनी स्टोव्ह बाहेर काढला, कागदांवर ओला ब्रश फिरवला, चळत गुंडाळून वर फळी ठेवली.

"आता ओल सारखी मुरायला वजन हवं." त्यांनी खोलीभर पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बसा."

"मी?"

"पंच्याऐंशी किलो आहात. आज तरी उपयोग होऊ दे."

नऊपासून दोनपर्यंत तोकुजी घोंगडी पांघरून फळीवर बसले. मी चहा नेला.

"अर्धाच दे रे. पूर्ण प्यायलो तर उठावं लागेल."

"हलू नका!" आतून आवाज आला.

दोन वाजता छापून पाहिलं. अजून केसभर फरक होता. कागदाचा कोपरा ठशावरच्या ज्या खाचेत टेकतो, ती खाच बाईंनी छिन्नीने जराशी तासली. पुढच्या कागदावर छत्री दांड्यावर नेमकी बसली. बाईंनी बाह्या आणखी वर सारल्या.

सातला वाकामिया आले. पहिलंच चित्र दिव्याखाली धरून म्हणाले, "कियोएबाई, नाव शोभतंय हं."

"आणि माझं कुठंय?" तोकुजींनी पाय चोळत विचारलं.

सकाळी पाहिलं तर तो बिघडलेला पहिला कागद स्वयंपाकघरात लावलेला. समासात बाईंनी आपल्या नावाखाली ब्रशने लिहिलं होतं, 'वजन: तोकुजी'.

गॅसवाला आला तरी तोकुजी आधी समास दाखवतात.