सायकलीचा बिल्ला

मुलगी बघायला जाताना मी छातीवर सायकलीचा बिल्ला लावून गेलो.

सायकलीच्या हँडलखाली, पुढच्या दांडीवर कंपनीची पितळी खूण ठोकलेली असते, तोच तो. त्यावर मुकुट घातलेला सिंह होता आणि सिंहाच्या पायाशी इंग्रजी अक्षरं. कर्जतला एका दुरुस्तीच्या दुकानात मोडकी सायकल पडली होती, तिचा मी मागून घेतला, चिंच लावून घासला आणि कल्हईवाल्याकडून मागे पिन डाखून घेतली.

लढाईचे दिवस होते आणि ज्याला त्याला बिल्ला होता. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडाला बिल्ला, खालापूरच्या कचेरीतल्या शिपायाच्या पट्ट्याला बिल्ला, जंगलाच्या राखणदाराच्या छातीला बिल्ला. एका साहेबाच्या कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा मी पाहिला होता. मी मात्र लाकडाच्या वखारीतला कारकून, कुत्र्याहून एका पायरीने खाली. आमच्या मालकाचा मुलगा इंग्रजी शाळेत जायचा. त्याने सांगितलं, बिल्ला म्हणू नये, बॅज म्हणावं. बॅज म्हणजे अधिकाराची खूण. मला ते फारच पटलं. बिल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे हमाल यायचा, आणि बॅज म्हटलं की मी.

माझ्याबरोबर मामा होते. खालापूरकडचे शेतकरी, बोलायला रोखठोक.

"ह्ये काय लावलंस रं?"

"बॅज."

"पडंल वाटंत," म्हणाले, आणि मुलीच्या गावाच्या, कडावच्या रस्त्याला लागले.

त्या काळात सरकार भाताची लेव्ही घेत असे. पिकलेल्यातला ठरवून दिलेला वाटा सरकारात घालायचा. त्यामुळे लेव्हीचा माणूस दिसला की गावातलं भात भराभर पेंढ्यात शिरायचं. मुलीच्या बापाला मधल्या माणसाने एवढंच कळवलं होतं की मुलगा कर्जतला कारकून आहे. कशाचा कारकून, ते माझ्या सिंहाने सांगितलं.

बापाने आम्हाला ओटीवर बसवलं, माझ्या छातीकडे पाहिलं आणि तो घाईने आत गेला. आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. परत आला तो घाम पुसत.

"सरकारी हाय का ह्यो बिल्ला?"

मी पाय जरा पुढे पसरले. "तसंच धरून चाला."

मामांनी सोयरिकीच्या रीतीप्रमाणे विचारलं, "औंदा भात कसं काय?"

"काय नाय झालं, पावणं. समदं कुजलं."

मामांनी अंगणाकडे पाहिलं. पेंढ्याची उडवी घराच्या वर गेली होती.

"मंग ह्यो पेंढा?"

"शेजाऱ्याचा हाय."

"त्याचं बरं झालं म्हणायचं."

"नाय नाय, त्याचं बी कुजलं."

मग मुलगी आली, मागोमाग तिची आत्या. ताटलीत उकडलेली रताळी. मुलगी बघायला गेलं की पोहे ठरलेले. पण पोहे म्हणजे भातच, आणि घरात भात असल्याचा पुरावा ताटलीत घालून सरकारपुढे कोण ठेवील? मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

"भात रांधता येतो का गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

उत्तर बापाने दिलं. "घरात दिसला कंदी, तर रांधंल."

मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. एकदा सिंहाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. लग्न करायचं तर इथेच, हे मी तेवढ्यात ठरवून टाकलं. मामांनी त्याच वेळी वहाणा पायात घातल्या.

"चल रं. मूठभर पोहे नाय ज्या घरात, तिथं काय सोयरीक करायची."

बापाची पंचाईत झाली. भात दाखवावं तर सरकार नेणार, झाकावं तर जावई जाणार. त्याने हात जोडले, तेही मामांना नाही, थेट माझ्या छातीला.

"सायेब, पोरीकडं बघा. भाताकडं नका बघू."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता सिंह तरी ठेवायचा, नाहीतर मुलगी तरी. मी पिन काढली.

"हा सायकलीचा आहे," मी म्हणालो. "मी वखारीत लाकडं मोजतो."

बापाने बिल्ला उलटा केला, डाखाला नख लावून पाहिलं आणि आत्याच्या हातात दिला.

"सरकारचा नाय?"

"नाही."

"लेवीचा नाय?"

"नाही हो."

त्याने खाली बसून मोठा श्वास सोडला. मग घरातल्या माणसांना हाक मारली. उडवीतून पोती निघाली, माळ्यावरून निघाली, मी ज्या गोधडीवर बसलो होतो तिच्याखालूनही एक निघालं. मामांच्या वहाणा आपोआप पायातून सुटल्या. ओला नारळ घातलेले पोहे आले आणि मामांची दुसरी ताटली संपायच्या आत दोघांनी सोयरीक पक्की केली.

मी नवरदेवाला शोभेलसं खाली मान घालून बसलो. आत्या अजून दारातच उभी होती, बिल्ला हातात घेऊन. तिने आवाज जराही न उतरवता भावाला विचारलं,

"लेवीवाला जावई असता तर घरचं भात तरी वाचलं असतं. ह्या लाकडं मोजणाऱ्याचा काय उपेग हाय रं आपल्याला?"