परवान्याशिवायच्या अकरा बाटल्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. तारीख एकाची आठवते, आरोपी दुसऱ्याचा. हे एक मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं, आणि ते फार मोठं होतं म्हणून नव्हे. नावं कुणाचीच देणार नाही. त्यातली बहुतेक माणसं मध्य प्रदेशातल्या या बालाघाटातच राहतात, आणि मीही इथेच राहतो.

निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रोजनामचा पाहून सही करत होतो, तेवढ्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. अमुक वॉर्डात, विहारामागच्या घरात, परराज्यातली विदेशी दारू ठेवली आहे, एवढं स्वच्छ हिंदीत सांगून फोन ठेवून दिला. भीतीपोटी खबर देणारा माणूस अडखळत बोलतो. रागापोटी देणारा वाक्यं आधीच जुळवून ठेवतो. हा दुसऱ्या प्रकारातला होता, हे मला तेव्हाच जाणवलं. पण रागातली खबरही खरी असू शकते. दोन पंच आणि हवालदाराला घेऊन निघालो.

घर दोन खोल्यांचं. आत पंचेचाळिशीचा एक माणूस आणि त्याची बायको. काय शोधायला आलो ते सांगितलं, तर त्यानं स्वतःच मागच्या खोलीकडे बोट केलं. कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली अकरा बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. सगळी रेड वाइन. लेबलं आमच्यातल्या कुणाला वाचता येईनात.

"साहब, ये माल तो ठेके पर कभी देखा नहीं," हवालदार म्हणाला.

मोबाइलवर चित्रीकरण, जप्तीनामा, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, सगळं नियमाप्रमाणे झालं. निघताना त्याची बायको म्हणाली, "यायले नेऊन राह्यले तं जेवू तं द्या, साहेब. भात झाला हाय." मी थांबलो नाही. ठाण्यात येताच आबकारी कायद्याखाली गुन्हा दाखल करून घेतला. आधी गुन्हा नोंदवायचा, मग माणसाला विचारायचं, ही तोवर सवयच झाली होती.

दुपारी त्याला समोर बसवलं.

"विकतोस?"

"हौ साहेब. पाच-सहा जनायले."

"आणतोस कुठून?"

"नागपूरहून. तिथं एक जन बाहेरून माल मागवते. त्याच्या गोदामात द्राक्षाच्या लहान मळ्यायच्या शेवटच्या पेट्या पडून राह्यतात. नाव ऐकलेलं नसते म्हनून उचलत नाही कोनी. पावत्या हायेत माझ्यापाशी."

पावत्या खऱ्या होत्या. पण कर महाराष्ट्रात भरलेला, आणि इकडे आणायचा परवाना नाही. कायद्यापुढे त्या पावत्यांचा उपयोग नव्हता.

किरनापूरकडच्या एका खेड्यातला हा माणूस. चौदा वर्षं प्रवासी जहाजांवर होता, जेवणाच्या हॉलमध्ये पाहुण्यांना वाइन द्यायचं काम. बाप गेला तेव्हा परत आला. मी दारू पीत नाही, त्यामुळे एवढ्या लांबून बाटल्या आणण्यात काय मिळतं ते मला कळेना. तसं विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोकळा बोलला.

"साहेब, नावाजलेल्या मळ्याच्या कुंपनाले लागून दुसरा मळा राह्यते. माती तेच, ऊन तेच. फरक एवढाच का त्याचं नाव झालं नाही. म्हातारा-म्हातारी दोघंच द्राक्षं तोडतात, घरीच बाटल्या भरतात. जहाज बंदराले लागलं का मी पायी जाऊन पाहून येत होतो. नावाचे पैसे कापले तं तेवढीच चांगली वाइन आपल्यासारख्यालेबी परवडते. एवढंच शिकलो मी."

खोटं बोलणारा माणूस विचाराल तेवढंच सांगतो. हा मळ्यांचे उतार, पावसाची वर्षं, म्हाताऱ्यांची भांडणं सांगत सुटला होता. मी कागद बाजूला ठेवला.

"फोन कुणी केला असेल?"

त्यानं सांगितलं. शहरातल्या एका मोठ्या बिल्डरच्या नव्या घरी पार्टी होती. तो याचा गिऱ्हाईक. फ्रान्सच्या फार मोठ्या नावाची महागडी बाटली आणली होती आणि ती उघडायला याला बोलावलं होतं. बुचाला आधीच एक भोक पडलेलं दिसलं. चाखली, तर साधी गोड वाइन. बिल्डरनं सगळ्यांसमोर विचारलं, कशी आहे?

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं, बाटली खरी हाय, आतला माल खरा नाही."

"गप्प राहायचं होतंस."

"त्यायनं इचारलं न, साहेब."

दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे गेलो. दिवाणखान्यातल्या कपाटात ती रिकामी बाटली शोभेला ठेवली होती, शेजारी तिचं बूच. बाटलीबद्दल विचारायला आलो, एवढंच मी म्हणालो. त्या माणसाचा उल्लेखही केला नव्हता. बिल्डर लगेच म्हणाला, "मेहमानों के सामने मेरी इज़्ज़त उतार दी उसने." फोनवरचा आवाज तोच होता. मी बूच हातात घेतलं. भोकं दोन होती, म्हणजे बाटली आधीही एकदा उघडली गेली होती, आणि बुचावर छापलेलं साल लेबलवरच्या सालाशी जुळत नव्हतं. हे त्याला दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पैसे गेले याचं त्याला एवढं वाटलं नसावं. तो माणूस बरोबर होता, हे त्याला जास्त लागलं. थोड्या वेळानं त्यानं बाटली कुठून घेतली ते सांगितलं.

लालबर्रा रस्त्यावरच्या एका बंद राइस मिलमध्ये आम्हाला बाकीचं सापडलं. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांमधून गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्यांची पोती, स्वस्त वाइनचे कॅन, रंग, इसेन्स, बुचं बसवायचं हातयंत्र. चार जण पकडले. वर्तमानपत्रात फोटो आला, मला प्रशस्तिपत्र मिळालं. ज्याच्या जिभेमुळे हे घडलं त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो आमच्या नोंदीत आरोपी होता.

मला त्याला सोडवायचं होतं. दाखल झालेला गुन्हा मागे घेता येत नव्हता. हवालदार म्हणाला, "जुर्म कबूल करवा दो साहब, एक पेशी में छुट्टी." मलाही ते पटलं. किरकोळ खटले आम्ही असेच निकाली काढायचो. त्याला बोलावून समजावलं, की कबूल करा, थोडा दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत बसावं लागेल, की झालं. मी त्याला कधीपासून 'तुम्ही' म्हणायला लागलो होतो, ते मलाही कळलं नव्हतं.

त्यानं विचारलं, "याचा पुढं काई तरास तं नाही होनार, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरी जाल, विसरून जाल."

तसंच झालं. तो दिवसभर कोर्टात बाकावर बसला, संध्याकाळी घरी गेला. काही महिन्यांनी जप्त माल नष्ट करायचा आदेश आला. मालखान्यातून राइस मिलच्या बनावट बाटल्या निघाल्या आणि या माणसाच्या अकराही निघाल्या. एकच खड्डा खणला होता. शिपायांनी सगळ्या एकत्रच फोडल्या. मी उभा राहून आकडा जुळवला आणि सही केली.

पुढच्या वर्षी तो एक पत्र घेऊन आला. पोर्तुगालमधल्या एका लहान मळ्याच्या म्हाताऱ्या मालकानं त्याला कामाला बोलावलं होतं. गुडघे गेले, मुलं शहरात, तळघर सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा, बायकोलाही घेऊन ये, असं लिहिलं होतं. व्हिसासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागत होता. मी रेकॉर्ड काढलं. दोषसिद्धी, आबकारी कायदा. गुन्हा कबूल केला नसता तर खटला कदाचित साक्षीपुराव्यात पडलाही असता. कबूल केल्यावर ती नोंद पक्की झाली होती. वरिष्ठांना भेटलो, शिफारस लिहिली. रेकॉर्डमध्ये जे आहे तेच दाखल्यावर येईल, असं उत्तर मिळालं. ते बरोबरच होतं. व्हिसा नाकारला गेला. मळ्याच्या मालकानं काही दिवस वाट पाहिली आणि दुसरा माणूस ठेवला.

आता तो गोंदियाच्या एका मंगल कार्यालयात वाढप्यांवर देखरेख करतो. मध्यंतरी बस स्टँडवर भेटला. बायकोची तब्येत विचारली, माझी साखर विचारली. मीच मग त्या कबुलीचा विषय काढला. तो म्हणाला, "तुमी चांगल्या मनानंच सांगतलं होतं, साहेब." त्याची बस लागली, तो गेला. त्यानं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

छत्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. कितीतरी जण म्हणायचे, माहीत नाही साहेब, आणि आम्ही विश्वास ठेवायचो नाही. कबुलीच्या आधी या एका आरोपीनं मला एकच प्रश्न विचारला होता. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.