चेसिसवरचा हळदीचा पंजा

सोमाजीचा राग दोघांवर होता. एक ट्रकच्या चेसिसवरचा काळा कोट, आणि दुसरी त्याची लेक उर्वशी. कोटावरचा राग तो दिवसभर बोलून दाखवायचा. लेकीवरचा मनातच ठेवायचा, म्हणजे बायकोला, कुंताला, तेवढा रोज ऐकवायचा.

चंद्रपूरच्या बाहेर एका ट्रक शोरूमच्या मागे जे वर्कशॉप आहे, तिथं तो कोट मारायचा. चेसिस म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारा खालचा लोखंडी सांगाडा. त्याला गंज धरू नये म्हणून काळा लेप द्यायचा, आणि जुन्या गाडीच्या लेपाचे पोपडे निघायला लागले की ते खरवडून नवा द्यायचा. सोमाजी मूळचा नागभीडकडचा, बापजाद्यांचा धंदा तलावातल्या मासळीचा. उजव्या करंगळीचं टोक नव्हतं. ते मगरीनं नेलं, असं तो नव्या माणसाला अगदी रंगवून सांगायचा. कुंता जवळ असली की म्हणायची, "एसटीचा दरवाजा लागला होता. मगर कुठची आली?"

उर्वशी टिपर चालवायला शिकली आणि गडचिरोलीकडच्या खाणीवर नोकरीला लागली, हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. जंगलातला रस्ता, घाट, समोरून येणाऱ्या लोखंड भरलेल्या गाड्या. नुसत्या विचारानं तो रात्री उठून बसायचा. पण भीती वाटते असं बापानं म्हणायचं कसं? म्हणून तो रागावला. निघायच्या दिवशी ती पाया पडायला वाकली, तर हा गडी उठून अंगणात गेला आणि बकरीला पाला टाकू लागला. बकरीचं पोट केव्हाच भरलं होतं. तिनं पाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून बापलेकीचं सगळं बोलणं कुंतामार्फत. सणाला उर्वशी घरी आली, समोर ताटावर बसली, तरी हा म्हणणार, "कुंता, तिले विचार, भात पायजे काय." आणि ती म्हणणार, "आई, बाबाले सांग, पुरे."

आता योगायोग असा, की उर्वशीच्या कंपनीचे नवे टिपर कोट मारायला सोमाजीच्याच वर्कशॉपात आले. तिनं आईला फोनवर आपल्या गाडीचा नंबर सांगितला होता, आणि सोमाजीनं तो न ऐकल्यासारखं करून नीट ऐकला होता. त्याच्या घरची रीत अशी, की नवा डोंगा हळदीचा हात दिल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. मग लेकीची गाडी कशी सोडायची? त्यानं गोड्या तेलात हळद कालवली, डाव्या बाजूला, केबिनच्या मागं पंजा उमटवला आणि वरून लगेच कोट मारला. आता तो धुवून जाणार नव्हता आणि कुणाला दिसणारही नव्हता. उर्वशीला तर मुळीच नाही. त्याला लई बरं वाटलं.

मग शेजारच्या गाडीकडे नजर गेली. तिचा डायवरही कुणाचं तरी लेकरूच. "एकीले दिला, बाकीच्यायनं का पाप केलं?" असं म्हणून तिलाही दिला. मग तिच्या शेजारचीला. पुढं ती सवयच लागली, आणि हळदीची पुडी त्याच्या खिशात कायमची राहायला आली.

पावसाळा उलटला आणि गाड्या परत येऊ लागल्या. सगळ्यांचा कोट एकाच जागी सुटलेला: डावी बाजू, केबिनच्या मागं, तळहाताएवढा तुकडा. सगळ्यात जास्त ओरडला कोण, तर सोमाजी. "मालातच दम नाई! शेणाचा सडा याच्याहून जास्त टिकते!" त्याच्या ओरडण्यानं सुपरवायझर सुरेंद्रलाही चेव आला. त्यानं कोट बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली, आणि कंपनीनं नागपूरहून भाग्यश्री मॅडमना पाठवलं.

मॅडम चिखलाची पर्वा न करता गाडीखाली शिरल्या. सुटत आलेला एक मोठा पोपडा अलगद काढून बाहेर आल्या आणि त्यांनी तो उन्हात उलटा धरला. आतल्या बाजूला पिवळाधमक पंजा. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी.

"हे काय? निवडणुकीचा प्रचार इथूनच चालू झाला काय?" सुरेंद्र म्हणाला.

मग सगळ्यांची नजर हळूहळू सोमाजीच्या हाताकडे वळली. चोराच्या मनात चांदणं. त्यानं हात घाईघाईनं खिशात घातला. खिशात पुडी होती, ती फुटली, आणि हात बाहेर आला तो पिवळाच.

"काका, तेलावर कोट बसतो का?" मॅडमनी विचारलं.

"नाई बसत," सोमाजी म्हणाला. हे तर तोच नव्या पोरांना ओरडून शिकवायचा, की आधी थिनरनं पुसा, बोटाचा डागसुद्धा ठेवू नका. "पन म्याडम, ते तेल थोडीच होतं? तो हळदीचा हात होता!"

मॅडमना हसू आवरेना. पण हुकूम त्यांनी कडक दिला. सगळ्या गाड्या बोलवा, ती जागा लोखंड उघडं पडेपर्यंत घासा, पुन्हा कोट मारा. "तुम्हीच लावलेत ना काका? आता तुम्हीच काढा."

नोकरी वाचली, पण सोमाजीची झोप उडाली. तो एकेक गाडीखाली शिरायचा, तारेचा ब्रश हातात घ्यायचा आणि आधी "माफ कर बावा" म्हणायचा. पोपड्याखाली पाहावं तर ज्या जागी त्यानं राखण म्हणून हात ठेवला होता, नेमका तिथंच गंज. त्याला फार वाईट वाटलं. तरी तो घासत राहिला, कारण त्या दुसऱ्यांच्या गाड्या होत्या. उर्वशीची गाडी आल्यावर काय करायचं, हे त्याला उमगत नव्हतं. तिला दिलेली एवढी एकच गोष्ट, आणि तीही आपल्याच हातानं खरवडायची?

आणि ती आली. टिपर उभा करून, पिवळं हेल्मेट घालून उर्वशी खाली उतरली. सोमाजीनं आधी चहा घेतला. मग इंजिन थंड होऊ दे म्हणाला. मग कंप्रेसरला हवा नाही म्हणाला. कंप्रेसर मागं चांगला धडधडत होता. शेवटी तो गाडीखाली शिरला, तर उर्वशीही मागोमाग शिरली आणि शेजारी उताणी पडली.

"बाबा, घासा ना. गंज वाढून राह्यला." कुंता तिथं नव्हती. सरळच बोलली.

"घासतो. काय घाई हाय?"

"पंजा हाय म्हणून घासत नाई तुमी."

सोमाजीच्या हातातला ब्रश थांबला. "कोनं सांगतलं?"

"सुरेंद्रभाऊनं. साऱ्या चंद्रपूरले मालूम हाय."

सुरेंद्रच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, हे सोमाजीला ठाऊक असायला हवं होतं. "घासला तं तुह्यापाशी माहं काईच नाई राहात व," तो वरच्या लोखंडाकडे बघत म्हणाला.

"आधी घासा," उर्वशी म्हणाली. "मंग पाहू."

त्यानं घासलं. पिवळं गेलं, गंज गेला, लोखंड चकाकलं. थिनरची चिंधी फिरवली, कोट मारला. दोघं बाहेर आले. उर्वशीनं हेल्मेट काढून बगलेत धरलं आणि मान खाली घातली.

"आता इथी ठेवा."

"हात काळे हायेत माय."

"राहू द्या काळे."

त्यानं ठेवला. अर्ध्या करंगळीसकट पुरा पंजा, तिच्या केसांवर. मागं रांगेत थांबलेल्या गाड्या हॉर्न मारू लागल्या. सुरेंद्र काहीतरी ओरडला.

"बाबा," उर्वशी खालच्या मानेनंच म्हणाली, "मांगं लाईन लागली."

"लागू दे," सोमाजी म्हणाला.