केळीच्या डागांचा वीर

माझ्या धाकट्या भावाला कापड काढता येत नसे. माणूस काढायचा, बैल काढायचा, सोनगीरचा किल्ला तर डोळे मिटून काढायचा. पण माणसाच्या अंगात सदरा घातला की पत्रा गुंडाळल्यासारखा दिसे. तो धुळ्याला एका छापखान्यात कामाला होता. तिथून एक साप्ताहिक निघायचं आणि त्याच्या शेवटच्या पानावर ह्याची चित्रकथा असायची. एक वीर आणि त्याचे दोन शत्रू. जळगाव-धुळ्याच्या बाहेर त्या वीराला कोणी ओळखत नव्हतं, आतही फार नव्हतं.

मी तेव्हा लग्न होऊन जळगावच्या पूर्वेला, केळीच्या भागात आले होते. चौथीनंतर शाळा सुटली, पण शिलाई येत होती. भाऊ एसटीनं आला आणि म्हणाला, "अक्का, माझ्या वीराचे कपडे तू शिव. कोणाच्या तरी अंगावर चढव. मी बघून काढतो."

नवीन कापड कोण देणार? मी नवऱ्याचा केळी कापायचा सदरा घेतला. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. वाळला की तपकिरी, मग काळा. साबण, सोडा, लिंबू, कशानं म्हणून जात नाही. म्हणून आमच्याकडे कापणीचे कपडे वेगळेच ठेवतात. मी बाजारातून पिवळ्या रंगाची पुडी आणली आणि सदरा रंगवला. वाटलं, डाग झाकतील. उलट डागांवर रंग जास्त चढला आणि ते अजून ठसठशीत झाले. सगळ्या सदऱ्यावर ठिपकेच ठिपके. मला लाज वाटली. भाऊ मात्र खूश झाला. म्हणाला, "राहू दे. ठिपके काढायला सोपे."

त्याला वीराच्या पाठीवर झूल पाहिजे होती, वाऱ्यावर उडणारी. मी म्हटलं, केळीच्या बागेत दहा पावलं गेला की पानाच्या देठांत अडकून उताणा पडेल तुझा वीर. घड वाहणारे गडी खांद्यावर गोणपाटाची जाड घडी ठेवतात, तशी घडी मी सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर शिवून टाकली. झूल नाही. भाऊ कुरकुरला, पण तसंच काढलं.

मग माझा नवरा अंगणात तो सदरा घालून हात वर करून उभा. भाऊ खाली बसून चित्र काढतोय. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय व, नवऱ्याले तमाशात घातलं का?" नवरा लाजला नाही, कंटाळला. "साळेबुवा, हात खाली घेऊ का? मले बागेत जायचंय." "थांबा भाऊजी, बगल राहिली." असं दोन तास चाललं. माझ्या संसारातल्या बऱ्या दिवसांपैकी तो एक होता, एवढं कबूल करते.

शत्रूंचे कपडेही मीच शिवले. एक होती विहिरींचं पाणी चोरणारी बाई. तिचा झगा फाटक्या छत्रीच्या कापडाचा, म्हणजे पाणी अंगावरून ओघळून जाईल. दुसरा शेठ. त्याला पांढरंशुभ्र धोतर आणि परीटघडीचा सदरा, एकही डाग नाही. केळीच्या गावात ज्याच्या कपड्यावर डाग नाही त्यानं काम केलेलं नसतं, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं. समजावून सांगावं लागत नव्हतं.

मुखपृष्ठावर एकदा वीर पिवळ्या शाईत छापला गेला आणि वाचकांची पत्रं आली की हा बिबट्या आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतूनही आली, तिथे बिबट्या नवा नाही. भावाला ते आवडलं. पुढे वीर झाडावर चढायला लागला, गुरगुरायला लागला. मी ते नुसतं ऐकून होते. मला पोरं होती, मशीन होतं, चित्रकथा वाचायला वेळ नव्हता. काही वर्षांनी साप्ताहिक बंद पडलं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकाला ते जुने अंक सापडले. त्यांना पुस्तक करायचं होतं, पण चित्रं नव्यानं काढून, कपडे बदलून. भावाला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला आणि उजव्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवढं आहे तेवढं किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्याला एकच घाई होती, पुस्तक दिसेल तोवर निघावं. चित्रं काढणारी मुलगी धुळ्याला येणार होती आणि कपडे शिवणारी बाई, म्हणजे मी, तिला बघायची होती. भावानं फोन केला. "ये. पण गप बैस, अक्का. तू तोंड उघडं का बठ्ठं मोडस." बठ्ठं म्हणजे सगळंच.

मी गेले. मुलगी चांगली होती, चहा झाल्यावर कप स्वतः उचलून ठेवला. मग तिनं मोठ्या फोनसारख्या पाटीवर चित्रं दाखवली. वीराच्या अंगाला घट्ट बिबट्याचं कातडं, डोक्याला कान, बोटांना नखं, पाठीवर लाल झूल. शेठ काळ्या कपड्यात, छातीवर कवटी. पाणी चोरणारीचं पोट उघडं.

मी म्हटलं, "ही जळगावच्या मे महिन्यात पोट उघडं टाकून हिंडते का? करपेल."

मुलगी हसली. भावानं माझ्याकडे मान वळवली. नीट दिसत नसलं तरी डोळे वटारता येतात.

"आवडलं नाही का आजी?"

"तो बिबट्या नाही. ते केळीचे डाग आहेत."

"अक्का!" भाऊ म्हणाला.

"माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यावरचे डाग आहेत. मीच रंगवला होता, मला माहीत नाही का? आणि शेठला काळं कशाला? काळ्या कपड्याला कोण घाबरतं? पांढरा ठेव."

"तो बिबट्या शे," भाऊ ओरडला. "तुले काय समजस? तू कधी वाचं का?"

वाचलं नव्हतं, हे खरंच होतं. मुलीनं मला चीक कसा पडतो, घड खांद्यावर कसा घेतात, सगळं विचारलं, लिहून घेतलं. मग पाटी पिशवीत ठेवली. "सगळं परत काढावं लागेल. वरिष्ठांना विचारून सांगते," म्हणाली आणि गेली.

भाऊ माझ्याशी बोलला नाही. जेवताना भावजयीला म्हणाला, "हिले वाढ आणि गाडीत बसाडी दे." मी जळगावला परत आले. दोन महिने गेले, चार गेले, पुण्याहून काही नाही. भावाचाही फोन नाही. भावजयीकडून कळायचं की आता तो भिंत धरून चालतो. माझं चुकलं असं मला वाटलं नाही. पण बिबट्या तर बिबट्या, पुस्तक तरी निघालं असतं, हे मनात येऊन मी अनेकदा मशीन थांबवून बसायची. त्याचा डोळा आणि माझं तोंड, ह्यात मी तोंड निवडलं होतं.

पावसाळा संपता संपता भावाचा फोन आला. "पुस्तक उनं. ये."

मी धुळ्याला पोचले तेव्हा आलेलं पुस्तक घेऊन तो खिडकीशी बसला होता. उजेड घेऊन पान नाकाला लावलेलं. एका पानाला पाव तास लागत होता. वीराच्या सदऱ्यावर डाग होते, खांद्यावर घडी होती. मुलीनं कान मात्र ठेवले होते, बहुधा दोघांची समजूत काढायला. शेठ पांढरा होता. बाईचं पोट झाकलेलं.

"दिसतंय का रे?" मी विचारलं.

"चित्र दिसस. डाग जास्तीच मोठा काढी टाकात." मग म्हणाला, "अक्षर नही दिसत."

भावजय स्वयंपाकात होती. मी चष्मा लावला. माझं वाचन हळू, जोडाक्षराला अडखळते, पण अक्षरं मोठी होती. पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी चित्रातलं वाक्य वाचायची, तो पानावर बोट फिरवून त्या चित्राला डोळा लावायचा, दिसलं की म्हणायचा, "हं, पुढं." असं दुपारभर.

जिचा झगा मी शिवला ती बाई पाणी का चोरते, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या बापाची विहीर शेठनं बुजवलेली असते. मला वाटत होतं ती नुसतीच वाईट आहे.

"गोष्ट बरी आहे," मी म्हटलं. "मध्ये लांबते पण."

"छापखान्याले पान भराले लागे," तो म्हणाला. "तू वाच."