आत्याची लाथ

लोणीच्या पंचक्रोशीत ज्याची म्हणून कधी कंबर धरली, त्याने माझ्या चुलत आत्याची लाथ खाल्लेली आहे, आणि खाऊन वर तिला हात जोडलेले आहेत. आत्या पायाळू. म्हणजे जन्मताना ती डोक्याने न येता पायांनी आली. उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, ही आमच्याकडची जुनी समजूत. आत्याकडे पार आण्याच्या पठारावरून माणसे वाकून यायची आणि परतताना बरीचशी ताठ दिसायची. मी शिकलासवरलेला, माझा विश्वास नव्हता. पण जाताना दिसणारा तो ताठपणा काही खोडून काढता यायचा नाही.

आजाऱ्याने दाराची चौकट धरून पाठ करायची आणि मागे वळून बघायचे नाही. सरपंचांना तिने असेच उभे केले आणि पाय उचलून धरून विचारले, "वरच्या आळीच्या पाण्याचं काय झालं?" उत्तर येईपर्यंत पाय काही खाली आला नाही. नव्या जावयाची कंबर धरली तेव्हा मात्र पंचाईत झाली. जावयाला पाय कसा लावायचा? आत्याने आधी त्याला वाकून नमस्कार केला, पाठीवर धुतलेला टॉवेल पसरला आणि मग अशी लाथ घातली की जावई थेट माजघरात पोचला.

हीच आत्या एकदा कांद्याची गोणी उचलताना खाली बसली ती उठेचना. डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितले, मणक्यातली गादी सरकली आहे. पट्टा बांधा, पडून राहा आणि पाठीवर लाथबिथ घेऊ नका, पाय कायमचा जाईल. आत्याने पट्टा बांधला, पण तिला खरा घोर वेगळाच लागला होता. "माझं जाऊ द्या. माझ्यामागं लोकांनी कुनाकडं जायाचं? आता मूल उलटं असलं की डाक्टर शिझर करत्यात. पायाळू व्हायाचं कसं?"

पुढे मला मुलगी झाली. सव्वा महिन्याची झाल्यावर तिला आत्याला दाखवायला नेले.

"पोटात पाय खाली व्हतं का?" आत्याने पडल्या पडल्या विचारले.

"होते. पण सिझर झालं, आत्या."

"वाट डाक्टरनं बदलली, पोरीनं न्हाई," आत्या म्हणाली आणि कण्हत कुशीवर वळून तिने पाठ आमच्याकडे केली. डॉक्टरांचे बोल आठवून मी घाबरलो. पण घेवड्याच्या शेंगेएवढ्या पावलाने काय बिघडणार, म्हणून आत्याच्या पाठीला लेकीचे पाऊल टेकवले. "आता सुखानं मरंन राव," आत्या म्हणाली. कंबर काही सरळ झाली नाही. काठी टेकत, वाकूनच ती आणखी काही वर्षे जगली.

तिच्या दहाव्याला आहुप्याचे एक म्हातारे आले होते, कंबरेत पार मोडलेले. "आत्याबाई म्हनल्या व्हत्या, माझ्यामागं नातीकडं जा," असे म्हणून त्यांनी खांब धरला आणि पाठ केली. मी खाली बसलो आणि मुलीच्या पायातली चप्पल काढली.