दोन सीटांच्या गाडीचा एसी

आमच्या घरी एक लाल गाडी आहे. बुटकी, दोन दारांची, परदेशी बनावटीची, वीस-बावीस वर्षांची जुनी. नवऱ्यानं ती हौसेनं पुण्याहून आणली. शर्यतीत पळते तसली गाडी आमच्या भूमच्या रस्त्यावर खड्डे चुकवत बैलगाडीच्या चालीनं चालते, तरी लोक थांबून बघतात.

तिला सीटा दोनच आहेत. सुनेनं पुढं बसू नये असं आमच्याकडं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ती बसत नाही. घरच्या जीपमध्ये पुढं दीर, सासूबाई नाहीतर पाहुणे असतात आणि मागं आम्ही बायका, पोरं आणि पिशव्या. मागची सीटच नसलेल्या गाडीत माझं काय काम? चार वर्षांत मी त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. धुतली मात्र पुष्कळदा.

माझं माहेर माकणी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माझे वडील, म्हणजे आण्णा, फोनवर दर वेळी विचारायचे, “जावयांची गाडी लई भारी हाय म्हनं. तू कवा येतीस तिच्यातून?” म्हाताऱ्याला आपली लेक त्या गाडीतून दारात उतरताना बघायची होती. मलाही तेच हवं होतं. एका शाळामास्तरणीनं, केस पिकायला लागल्यावर, असला हट्ट धरावा याची लाज वाटायची. पण होता हट्ट.

नवरा कधी नाही म्हणायचा नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. “एसी बंद हाय. उन्हात तुझं डोकं उठतंय. एसी झाला की पयली चक्कर माकणीला, आपुन दोघंच.” अर्धशिशी मला खरंच आहे, त्यामुळं मी एसीचीच वाट बघत राहिले.

एसी बिघडवला तोही घरच्यांनीच. सुगीत आमच्याकडं डांबरी रस्त्यावर हुलग्याचं काड पसरतात, वरून गाड्या गेल्या की फुकटात मळणी होते. एसटी जाते, ट्रॅक्टर जातो, काही होत नाही. आमची गाडी जमिनीपासून वीतभर उंच. दिरानं पसरलेल्या काडावरून नवऱ्यानं ती ऐटीत नेली आणि काडातला एक लाकडी दांडका एसीचा गॅस ज्या नळ्यांतून फिरतो त्या पुढच्या जाळीत घुसला. जाळीला बारीक भोक पडलं. धाराशिवच्या मिस्त्रीनं ते न बघताच गॅस भरला. आठ दिवसांत गॅस गेला, त्यानं पुन्हा भरला. तीनदा भरला. गॅसबरोबर आतलं तेलही निघून गेलं आणि कॉम्प्रेसर जाम झाला. मग दुसऱ्या शहाण्यानं एका साध्या गाडीचा कॉम्प्रेसर वेल्डिंग करून बसवला. पट्टा तिरका झाला आणि गाडी चालू केली की अशी किंचाळायची की गल्लीतली कुत्री पळायची. नवऱ्यानं हात झटकले.

मग मी पदर खोचला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. जुना कॉम्प्रेसर गोठ्याच्या कोपऱ्यात पडला होता. तो रॉकेलनं घासला, भिंगातून त्याच्यावरचा नंबर वाचला, फोटो काढले. पुण्याला फोन केले, मुंबईला केले. “साहेबांना फोन द्या ना मॅडम,” हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी सांगायला लागले, साहेब वारले. एकानं खात्रीनं पार्ट पाठवला, तर त्याच्या पुलीला चार खाचा आणि आमच्या पट्ट्याला सहा. तो परत पाठवण्यात महिना गेला. मधल्या सुट्टीत पोरं खिचडी खात असायची आणि मी चिंचेखाली उभी राहून रबरी रिंगांची मापं सांगत असायची.

शेवटी हैदराबादचा एक दुकानदार भेटला. त्याच्याकडं अशीच एक गाडी मोडीत निघाली होती. त्यानं साहेबांना मागितलं नाही. पुलीला खाचा किती, पाइपांची तोंडं कुठल्या बाजूला, एवढंच विचारलं आणि माझी उत्तरं नीट ऐकून घेतली. त्या गाडीच्या बाबतीत माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला पुरुष. कॉम्प्रेसर आणि जाळी ट्रॅव्हल्सच्या बसनं सोलापूरला आली. रविवारी जाऊन मी खोकी उचलली आणि बार्शीवरून एसटीनं घरी आणली. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय यात, बाई?” मी म्हणाले, “एसी.” तो हसला. मीही हसले, तेव्हा मी खूश होते.

मिस्त्रीनं सामान बसवलं आणि एसी लागला. आत असा गारवा की काच बाहेरून धुरकट झाली. नवरा पारावर सांगत सुटला, “हैदराबादहून काढला म्या सामान.” मी ते ऐकलं. श्रेय घे बाबा, मला सीट दे, असा माझा हिशेब होता.

मे महिन्यातला रविवार ठरला. मी आण्णांना आदल्या दिवशी कळवलं. सकाळी नवी साडी नेसून बाहेर आले, तर गाडीपाशी सासूबाई उभ्या. त्याही नवी साडी नेसलेल्या, हातात पिशवी.

“याहीबुवांना भेटून लई दिस झालं,” त्या म्हणाल्या. “आन् आता गाडी गार झालीया म्हनं.”

मी नवऱ्याकडं बघितलं. तो आरशावरची धूळ पुसत होता, चांगलाच वेळ पुसत होता. सासूबाई हटून बसल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, त्या नुसत्या उभ्या होत्या. मीच पुढं झाले आणि त्यांना दार उघडून दिलं. बसताना हाताला धरलं, पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला. कुणी हिसकावून घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आजही त्या आठवणीनं माझ्याच मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

मी एसटीनं गेले. धाराशिवला बदलली, लोहाऱ्याला बदलली. माकणीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि अर्धं कपाळ ठणकत होतं. गाडीभोवती अर्धी गल्ली जमली होती. नवरा ओसरीवर चहा पीत होता, सासूबाई आत लवंडल्या होत्या. आण्णा नुकतेच जावयाबरोबर गाडीतून धरणापर्यंत चक्कर मारून आले होते, त्यांचा चेहरा उजळला होता.

“काय गार लागतंय गं आत! जावयांनी लई खटपट केली म्हनं सामानासाठी.” मग त्यांनी माझ्या घामेजल्या साडीकडं बघितलं. “आन् तू का यष्टीनं?”

गल्ली ऐकत होती. नवऱ्यानं कप खाली ठेवला.

“मला एसी सोसत नाही, आण्णा. डोकं दुखतं.”

आण्णांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. लेकीची काळजी ही त्यांची जुनी खोड. ते ओसरीकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, “जावईबापू, एवढं ध्यानात ठिवा. पोरीला न्हाय सोसत. हिनं किती बी म्हनलं तरी हिला त्या गाडीत बसवू नगा.”

“न्हाय बसवत,” नवरा म्हणाला.